केसांतला खवला

बायको आरशासमोर पाठमोरी बसली होती. तिच्या केसांत खवला चमकला. त्याने तो दोन बोटांनी हळूच काढून खिशात टाकला. तिला पत्ताही लागला नाही. त्याच्या मात्र पायाखालची जमीन सरकली.

कारण घरात मासा शिजत नव्हता. आणि ओळखीत जिवंत मासे धरणारा एकच होता, त्याच्याच मत्स्यसंशोधन संस्थेतला, तळ्यातले मासे सांभाळणारा तळेवाला. उंच, उन्हाने रापलेला, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. परवाच घरी येऊन म्हणाला होता, "वहिनी, सांभाळा हं! हा खवल्यावरून माशाचं वय काढतो. उद्या नखावरून तुमचं काढेल."

वहिनी पोट धरधरून हसल्या. नवऱ्याच्या विनोदाला अशी कधी हसली होती ही बया?

प्रयोगशाळेत पोचताच त्याने खवला भिंगाखाली सरकवला. कडा गुळगुळीत, दाते नाहीत. म्हणजे कार्प जातीचा मासाच. तळ्यात दुसरं होतं काय! त्याचं डोकं तापलं. मधल्या ठिपक्याभोवती वर्तुळंच वर्तुळं. उपासाच्या दिवसांतली दाटीवाटीने, चंगळीतली ऐसपैस. माशाने आयुष्यभर काय भोगलं ते सगळं दिसत होतं. बायको कुठे जात होती तेवढं दिसत नव्हतं.

त्याने उजेड वाढवला आणि थबकला. खवल्याचा मागचा भाग माशाच्या अंगावर उघडा असतो. तिथे कातडीचा पापुद्रा हवा, काळे ठिपके हवेत. इथे सगळं साफ. शिवाय खाचांत पुसट गुलाबी रंग. खवले घासायचे, रंगवायचे, काचेवर बसवायचे, हे तर त्याचंच काम! म्हणजे खवला त्याच्याच टेबलावरचा. त्याच्याच स्वेटरला चिकटून घरी गेलेला.

"गाढव आहेस लेका!" तो स्वतःलाच मोठ्याने म्हणाला.

तसाच उठून घरी धावला. वाटभर माफीची वाक्यं जुळवत होता. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तो धापा टाकत तिच्यासमोर बसला.

"ऐक. सकाळी तुझ्या केसांत खवला सापडला मला..."

तिच्या हातातली घडी सुटली. ती पलंगावर टेकली, डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवावं तशी.

"त्याच्याकडून निघताना दर वेळी केस विंचरते हो मी," ती म्हणाली. "तरी राहिलाच का एखादा?"