तिसऱ्या मजल्यावरची भिंत

गच्चीवरच्या यंत्रानं इमारत हळूहळू हलवायला सुरुवात केली, तशी खाली अंगणात बसलेल्या हेमलताताई शेडगेंची नजर तिसऱ्या मजल्यावर गेली. कोयनेकाठी आता दरवर्षी असा खोटा भूकंप करून बघत. कारखान्यात ओतलेल्या भिंती जोडून उभारलेले ते सात मजले कुठं कच्चे आहेत, ते यंत्राला बरोबर कळायचं.

"तिसरा मजला," तपासणीला आलेली इंजिनियर सगळ्यांसमोर म्हणाली. "शेडगे आणि गुरव यांच्या घरांमधली भिंत दाराएवढी कापली आहे. वरचे चार मजले तिच्यावर उभे आहेत. खरा भूकंप झाला तर कोसळतील."

अंगणात कुजबुज सुरू झाली. दोघंही साठीपलीकडचे आणि एकटे.

"चूक माझी," गुरव मास्तर मान खाली घालून म्हणाले. "उद्याच गवंडी आणतो."

वरच्या मजल्यावरची बाळंतीण तान्ह्याला उराशी धरून उभी होती. तिच्याकडे बघून हेमलताताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या उठल्या.

"बुजवाच ते दार," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आणि मास्तर, उद्यापासून जेवायला जिन्यातल्या दारानं या."