फोनवरचा चौकोन

ऊन पडलंय म्हटल्यावर इवॉर गेलेल्या आईचा जुना लँडलाइन फोन घेऊन अंगणात बसला. वेल्समध्ये असा दिवस पुन्हा कधी उगवेल, सांगता येत नाही. केस उजळवायचं क्रीम फासून उन्हात ठेवलं की पिवळं पडलेलं प्लास्टिक पांढरं होतं.

"समोरचा हा चौकोनच तेवढा पांढरा कसा गं?"

"काहीतरी टेकवलेलं असणार, खिडकीतलं ऊन तिथं लागलंच नाही," बायको नेरिस म्हणाली. तिनं सासूच्या सामानातून एक फोटोफ्रेम आणून तिथं लावली. तंतोतंत बसली. बोटीवर निघालेला विशीतला इवॉर.

तो कुठल्याही बंदरातून फोन करो, आई पहिल्याच घंटीला उचलायची. म्हणायची, "सहज इथून चालले होते रे!"

"लाव की क्रीम, ऊन जाईल."

"जाऊ दे," म्हणत इवॉरनं डबीचं झाकण घट्ट लावलं.