खुर्चीतला कान

दोन प्रश्न विचारतो आणि सोडतो, असं म्हणून तुम्ही त्याला नेलंत, साहेब. चप्पलसुद्धा धड घालू दिली नाहीत. त्याचा गुन्हा एवढाच, की संपवाल्या कामगारांच्या सभेत माइक आणि स्पीकर त्याने लावले होते. दीड वर्ष झालं. आता म्हणता, असा कुणी माणूस आमच्याकडे आलाच नव्हता.

त्याच्या घरी काय चाललंय ते ऐका.

पुढच्या खोलीत त्याने हाताने बनवलेले दोन स्पीकर उभे आहेत आणि कोपऱ्यात सबवूफरची जड पेटी. पोटात घुमणारा खालचा आवाज पेटीचा, बाकीचा त्या दोघांचा. पेटी बनवून झाली होती, फक्त आवाज जुळवायचे राहिले होते. ते एकट्यादुकट्याचं काम नव्हे. एकाने पेटीमागे बसून बटणं फिरवायची, दुसऱ्याने समोर खुर्चीत बसून ऐकायचं आणि सांगायचं. बटणं नेहमी बायको फिरवायची. खुर्चीत तो.

आज दुपारी ती पेटीमागे जाऊन बसली आणि सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, बसा खुर्चीत."

"मी नाही बसणार. भोंग्याची जागा आहे ती." त्याला सगळेच भोंग्या म्हणत, बापासकट.

"अहो, कान तिथे हवा. दारात उभं राहून काय डोंबल सांगणार तुम्ही?"

"कान हवाय ना? कान देतो."

म्हातारा खुर्चीमागे गेला. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकून वाकला आणि पोराचं डोकं जिथे असायचं, बरोबर तिथे त्याने स्वतःचं डोकं आणून धरलं.

तिने रेकॉर्डिंग लावलं. त्याच सभेचं, भाषणं सुरू व्हायच्या आधीचं.

"हॅलो. एक, दोन, तीन. हॅलो."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "अगं, हे काय? तोंड समोर आणि छाती तिकडे कोपऱ्यात. दोन तुकडे केलेस की पोराचे."

पेटीच्या आवाजाने किती उंच सुरापर्यंत चढायचं ते ठरवणारं बटण तिने खाली आणलं. "आता?"

"कोपऱ्यात अजून कुणीतरी खाकरतंय."

आणखी खाली. "आता?"

"आता नुसता घसा. सर्दी झाल्यावर बोलायचा, तसा."

तिने दुसरं बटण धरलं, पेटीचा आवाज मागेपुढे सरकवणारं. केसभर फिरवलं. परत केसभर. रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून.

"हॅलो. एक, दोन..."

"थांब! हात लावू नकोस."

पेटी होती तिथेच होती, पण तिच्यातून काहीच येत नव्हतं असं वाटत होतं. दोन स्पीकरांच्या मधोमध, भिंतीपुढे, माणसाच्या उंचीवर तो अख्खा उभा राहून बोलत होता. बोलण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा त्याचाच.

"मागे ऐकू येतंय का?"

"येतंय रे," म्हातारा म्हणाला.

तिने पेटीमागून मान वर केली. पदराने नाक पुसलं. "जुळलं, बाबा. बसा आता, पाठ धरेल."

"बरोबर जुळलंय की नाही, ते भोंग्या सांगेल. तोवर मी जागा सोडत नाही. तू लाव परत."

तिने परत लावलं. सव्वा मिनिटाचं रेकॉर्डिंग, संपलं की पुन्हा लावते आहे. म्हातारा रिकाम्या खुर्चीवर वाकलेलाच आहे.

त्याने असं किती वेळ वाकून राहायचं, साहेब? तुमच्या दोन प्रश्नांना दीड वर्ष पुरलं नाही. हा तर एकच आहे. उत्तर द्या.