सात डबे

गॅरेज इतकं स्वच्छ उस्ताद जिवंत असताना कुणी बघितलं नव्हतं. फरशी घासलेली, भिंतीवरचं काळं ऑईल खरवडून काढलेलं, मधोमध सतरंजी आणि तिच्यापुढे खुर्चीवर उस्तादचा फोटो. फोटोत तो हसत होता. गिऱ्हाइकासमोर तो जन्मात कधी हसला नाही, त्यामुळे फोटो भलत्याच कुणाचा वाटत होता. पण कॉलनीला त्याचं काय! रविवार होता, सकाळचे दहा वाजले होते, सगळे अंघोळी, नाश्ते उरकून आले होते. शोक करायला एकदम सोयीची वेळ.

"उस्ताद म्हणजे देवमाणूस," कॉलनीचे अध्यक्ष म्हणाले. गॅरेजच्या खडखडाटाबद्दल तीन वेळा तक्रारीचा अर्ज लिहिणारे ते हेच. बाकीच्यांनी माना डोलावल्या. अर्जाखालच्या सह्या त्यांच्या होत्या.

मग आठवणींना ऊत आला. गाडीला काय झालंय ते मालकाने सांगायचं नाही, हा उस्तादचा नियम. "तुम्ही गप्प बसा, तिला बोलू द्या," म्हणायचा आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिन ऐकायचा. निवृत्त मास्तरांनी उठून त्याची नक्कल केली. अगदीच वाईट केली. पण लोक हसले. गाडी उघडली की तिचे सगळे सुटे भाग तो एका डब्यात ठेवायचा आणि डब्यावर लाल रंगाने मालकाचं नाव लिहायचा. खरं नाव नव्हे, त्याने स्वतः ठेवलेलं. 'अतिशहाणा'. 'हॉर्नबहाद्दर'. 'ब्रेक कशाला'. ही नावं आठवून तर लोकांनी पोट धरलं. प्रत्येकाची खात्री होती, ते नाव शेजाऱ्याचं.

हशा चालू असतानाच उस्तादची बायको आली. चार दिवस लेकीकडे होती, बसमधून उतरून तशीच पिशवी घेऊन आली. वीस वर्षं ती नवऱ्याच्या शेजारी बसून काम करत होती. कॉलनीच्या भाषेत, 'पाना-बिना द्यायची'. शेवटची तीन वर्षं उस्तादचे हात कापत होते आणि कॉलनीतलं एकूण एक इंजिन हिने बांधलं होतं, हे एकाच्याही टाळक्यात शिरलं नव्हतं. तो गेल्यावर, गॅरेज मीच चालवते, असं ती म्हणाली तेव्हा कमिटीने अट घातली. जागा कॉलनीची ना! उस्तादने उघडून ठेवलेल्या सात स्कूटर महिन्याभरात चालू करून दाखवा, मग बघू. बाईमाणसाला कुठलं जमायला, म्हणूनच घातलेली अट. तिने तिथल्या तिथे हो म्हटलं होतं.

ती फोटोकडे गेली नाही. सरळ भिंतीजवळ गेली आणि रिकाम्या फळीवरून हात फिरवला.

"डबे कुठायत?"

"तुम्हाला चकित करायचं होतं, वहिनी," अध्यक्ष खूश होऊन म्हणाले. "एक किल्ली माझ्याकडे असतेच. म्हटलं, या दुःखात तुम्हाला कुठे उपसायला लावायचं! काल आम्हीच सगळ्यांनी मिळून भंगार काढलं. टेम्पो भरला!"

यावर टाळ्या पडल्या. हो, शोकसभेत.

"आणि गाड्या?"

"छे छे, गाड्यांना कशाला हात लावू? सातही मागे उभ्या आहेत. पुसूनसुद्धा ठेवल्यात."

"टेम्पो कुणाचा होता?"

"भंगारवाल्याचा. रस्त्याने चालला होता, हाक मारली. आता तो कुठला, कोण, काय ठाऊक?"

ती वळली. मग एकेकाकडे बोट दाखवत म्हणाली, "अतिशहाणा म्हणजे तुम्ही, अध्यक्षसाहेब. हॉर्नबहाद्दर हे आपले मास्तर. ब्रेक कशाला, हे तुमच्यामागे लपतायत ते. तुमचीच इंजिनं होती त्या डब्यांत. पिस्टन, गिअर, सगळं. मागे उभे आहेत ते नुसते पत्रे."

"मग नवीन भाग आणू की, वहिनी!"

"कुठून? कंपनीने बनवणं सोडून पंधरा वर्षं झाली. आमचे हे एकेक भाग कानाकोपऱ्यातून शोधून आणायचे."

आता मात्र सभेला अवकळा आली. मास्तर मटकन सतरंजीवर बसले. "माझी तीस वर्षांची स्कूटर हो," म्हणत त्यांनी खरोखर डोळे पुसले. गाड्या चालू होणार नाहीत म्हणजे अट पुरी होणार नाही, अट पुरी होणार नाही म्हणजे या बाईचं गॅरेज गेलं, आणि ते आपण आपल्या हातांनी टेम्पोत भरलं, हे त्या वीस-पंचवीस सुशिक्षित डोक्यांपैकी एकातही आलं नाही. तिच्या आलं होतं.

"बरं, बाकीच्यांचं राहू दे," अध्यक्ष तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले. "माझ्या एकट्याच्या गाडीचं काही होईल का, वहिनी?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्यावरून सतरंजीवरच्या सगळ्यांकडे पाहिलं.

"रडा," ती म्हणाली. "आता रडा. आता तुमचंपण काहीतरी गेलंय."