जैसे थे

"बासष्ट टक्के," साहेब म्हणाले. "गेल्या वर्षीही बासष्टच. म्हणजे औषधाचा काही उपयोग नाही."

फुप्फुसं बाईची, पण साहेबांचं बोलणं चाललं होतं फाइलशी. बाईचा नवरा तिच्या शेजारी खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होता. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. फुप्फुसं आतून राठ झाली की पुन्हा मऊ होत नाहीत, औषधाने फक्त राठपणा पसरायचा थांबतो, हे त्याला याच दवाखान्याने शिकवलं होतं. साहेब बहुधा त्या दिवशी रजेवर असावेत.

"साहेब, उतारावर गाडी जागच्या जागी राहिली तर ब्रेक लागला म्हणतात. ब्रेक निकामी आहे म्हणत नाहीत."

"हा डेपो नाही, काका." साहेबांनी फॉर्म त्याच्याकडे वळवला. "सुधारणा असेल, तर फुकट औषध चालू. घसरण असेल, तर गंभीर यादी, म्हणजे तरीही चालू. जैसे थे असेल, तर बंद." मग त्यांनी दानशूर माणसासारखा आवाज खाली आणला. "खाली जाऊन पुन्हा एकदा फुंकून या. माणूस दमलेला असतो, आकडा कमी येऊ शकतो. कळलं ना?"

कळलं. न कळायला काय झालं? अकलेचा सगळा मक्ता त्या टेबलाकडेच होता.

खालच्या खोलीत तपासणीवाल्या मुलीने श्वास मोजायच्या यंत्राची नळी बदलली. नवरा बायकोच्या कानाशी वाकला.

"अगं, जरा हातचं राखून फुंक. घरी आठ दिवसांच्याच गोळ्या उरल्यात."

"दोन वर्षं हा आकडा धरून बसलेय मी. शिवणाचं मशीन देऊन टाकलं, माणसांत जाणं सोडलं. आता त्या माणसाच्या रकान्यासाठी सोडून देऊ?"

"एकदाच नाटक करायचंय गं."

"मग साहेबांनाच बोलवा फुंकायला. त्यांच्यात हवा पुष्कळ आहे."

मुलीने हसू लपवायला तोंड फिरवलं.

बाईने नळी ओठांत घट्ट धरली आणि फुंकली. गळ्याच्या शिरा टरारून आल्या. "अजून, ताई, अजून," मुलगी म्हणत राहिली. नवऱ्याने भिंतीकडे पाहिलं. शेवटी ती खोकत खुर्चीत मागे कलंडली.

"बासष्ट," मुलगी म्हणाली आणि कागद त्याच्या हातात दिला.

लिफ्ट अधिकाऱ्यांसाठी होती. जिना चढताना दर चार पायऱ्यांनी बाई कठडा धरून थांबायची. तो एक पायरी खाली उभा राहायचा आणि आपल्यालाच धाप लागल्यासारखं करायचा.

साहेबांच्या दाराशी तिने त्याच्या हातातला कागद काढून घेतला.

"मी देते," ती म्हणाली. "तुम्ही हात जोडाल."