बंद घंटा

मशीन पुन्हा गोठलं. पडद्यावरचं घड्याळ दुपारवर अडकून बसलं. खिडकीबाहेर ओटावात संध्याकाळ व्हायला लागली होती. गॉर्डनने मोबाइल बंद करून खणात टाकला. अर्ध्या तासात चूक शोधतो आणि निघतो, असं त्याने ठरवलं. पाचला त्याच्या मुलीचा, टेसाचा हॉकीचा सराव संपायचा होता. मागच्या दोन खेपांना तो तिला आणायला गेला नव्हता. आज नक्की येतो, असं त्याने सकाळी शपथेवर सांगितलं होतं. टोस्ट चावत तिने मान हलवली होती.

कर्नेलमध्ये, म्हणजे मशीनचा सगळा कारभार चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, पाळ्या लावणारा एक मुकादम असतो, शेड्यूलर. टायमरची घंटा वाजली की तो चालू काम बाजूला करतो आणि रांगेतल्या पुढच्याला पाळी देतो. इथे अचानक अख्खी रांग खोळंबायची. आठवडाभर गॉर्डन या मुकादमावर डूख धरून होता. शेवटी कळलं की मुकादम निर्दोष आहे. त्याला कोणी उठवतच नव्हतं.

घंटाच बंद होती. नेटवर्कच्या कोडने नाजूक काम करताना कोणी मध्ये येऊ नये म्हणून ती बंद केली होती. त्यात गैर काही नाही, सगळेच करतात. पण काम फसलं, की परतताना ती चालू करायची राहून जात होती.

गॉर्डनने दुरुस्ती केली. मशीन धावू लागलं. शेजारच्या टेबलावरच्या जिसलेनला त्याने सगळं रंगवून सांगितलं.

"पण घंटा बंद करणाऱ्याला काहीच कळत नाही?" तिने विचारलं.

"कसं कळणार? त्याच्या लेखी वेळ गेलेलाच नसतो." वाक्य त्याला स्वतःलाच आवडलं.

"छान. मी निघते बाबा," कोट चढवत ती म्हणाली. "सात वाजत आले."

गॉर्डनने खण ओढला. मोबाइल चालू होईपर्यंत त्याने बर्फाची, ट्रॅफिकची, साहेबांची अशी सगळी कारणं जुळवून ठेवली. पडदा उजळला. एकही कॉल नव्हता. निरोप नव्हता. हॉकीच्या बर्फाळ रिंकबाहेरच्या थंडीत एकटी उभी असलेली टेसा त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्याने घरी फोन लावला. तिनेच उचलला, तोंडात घास होता.

"तू आलीस कशी?"

"मेगनच्या आईबरोबर."

"अगं, मग मला एक फोन तरी करायचास."

"कशाला, बाबा?" तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता. "सकाळी तू नक्की येतो म्हणालास ना, तेव्हाच मी मेगनच्या आईला सांगून ठेवलं होतं."