छप्पनातले एकवीस

कारखान्यात वेल्डर दोनच. त्यातला एक गेल्या खेपेला गॅसच्या टाकीत उतरला, तो वर आलाच नाही. उद्या पुन्हा तिघांना उतरायचं होतं.

“आम्ही आठ जण आहोत. माझाच नंबर लागेल असं थोडंच आहे?” एवढं बोलून उरलेला वेल्डर अंघोळीला गेला. बायकोने मात्र कॉलेजातल्या लेकीला हिशेब मांडायला बसवलं.

“आठांतून तिघं छप्पन प्रकारे निवडता येतात, आई. काही अट आहे?”

“तिघांत एक वेल्डर लागतोच म्हणे.”

लेकीने पुन्हा मांडून पाहिलं. “मग एकवीसच.”

एकदम पस्तीस कमी झाले, तशी आईने हुश्श केलं.

वहीवरची नजर न उचलता लेक म्हणाली, “आई, एकवीसच्या एकवीस प्रकारांत बाबा आहेत.”